प्रतिसरकारची न्यायदान मंडळे आणि श्रवणाचा प्रश्न

साताऱ्याच्या प्रतिसरकारचा (१९४३ ते १९४६) विचार करताना तुफान सेनेच्या धाडसाकडेच दृष्टी वळते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाशी निगडित असलेल्या या सत्तेस खेड्यांत जी मान्यता लाभली, तिचे एक कारण मात्र न्यायदान मंडळांत शोधावे लागते. तेव्हाचा सातारा जिल्हा अखंड होता. १९४९ साली तो दुभंगला आणि दक्षिण साताऱ्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. चळवळीचे केंद्र असलेले कुंडल याच भागातले.

सरकारी न्यायालयात कुळाचे म्हणणे वकिलाच्या मुखाने, कागदाच्या भाषेत पोहोचे. मंडळापुढे ते त्याच्याच बोलीत, प्रतिपक्षाच्या देखत मांडले जाई. मराठेशाहीतील गोतसभेचे येथे सहज स्मरण होते. तेथेही निवाड्यापूर्वी अग्रवादी व पश्चिमवादी या दोघांच्या तकरिरी, म्हणजे ज्याची त्याची हकीकत, लिहून घेत. साम्य मात्र फार ताणू नये. गोतसभेत वतनदारांचा शब्द जड असे. प्रतिसरकारचा रोख तर सावकारी व गावगुंडी यांवरच होता.

तथापि, ऐकणाराच शिक्षा करणारा असेल तर बोलणारा कितपत मोकळेपणाने बोलतो? मंडळांची थोरवी सांगताना हा प्रश्न टाळला जातो. ‘पत्री सरकार’ हे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव तळपायांवर मारण्याच्या शिक्षेशी जोडले गेले, ऐकून घेण्याशी नव्हे.