शब्दवेध : भरपाई

‘नुकसानभरपाई’तलं ‘नुकसान’ अरबीतून फारसीमार्गे आलं; मूळ अर्थ घट, उणेपणा. ‘भरपाई’त मात्र भर आणि पावणे. देणं पुरतं फिटलं की ‘भरून पावलो’ असं लिहून द्यायचे, ती पावतीही भरपाईच. म्हणजे या शब्दात देणाऱ्याचं औदार्य शोधू नये. ती घेणाऱ्याची कबुली आहे, आणि ती दिली की दावा मिटला. भोपाळचं हेच झालं. १९८४च्या वायुगळतीनंतर पीडितांच्या वतीने दावे लढवण्याचा हक्क १९८५च्या कायद्याने केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला. १९८९मध्ये गळतीला जबाबदार धरलेल्या युनियन कार्बाइड कंपनीशी ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वाढीव रकमेची सरकारचीच मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये फेटाळली. भरून पावल्याची कबुली सरकारने देऊन टाकली होती. ज्यांची माणसं गेली, त्यांना विचारलं कोणी?