पाणी पंढरीला जातं



आपल्या दिंडीची पताका पहिल्यांदा निघाली त्याला आता शंभर वर्षं झाली. तेव्हा वाटेवर विजेचे खांब नव्हते आणि मोबाइल तर कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पहाटे काकडा झाला की अंधारातच पावलं पडायची. त्याही आधी, १६८५ साली तुकोबारायांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी देहूहून पालखी नेली. पुढं एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली. एवढी माणसं वाट चुकू न देता पंढरीला पोचायची, ती कशाच्या आधारानं? जुन्या विणेकऱ्यांकडून आणि घरातल्या थोरांकडून जे ऐकलं, तेच इथं मांडतो.

पहिला आधार सूर्याचा. आळंदीहून पंढरपूर आग्नेयेला, पालखीच्या वाटेनं सुमारे अडीचशे किलोमीटर. वाट वळणं घेते, पण एकूण रोख तोच. आषाढी वारीच्या दिवसांत सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो, म्हणून सकाळचं ऊन डाव्या गालावर येतं. मावळताना तो वायव्येकडं झुकलेला असतो, म्हणजे जवळजवळ आपल्या पाठीशी. संध्याकाळी आपली सावली आपल्याच पुढं चालत असेल, तर समजावं, रोख बरोबर आहे.

दुपारी मात्र पुष्कळ जण फसतात. सावली उत्तरेला पडते, असं आपण धरून चालतो. कार्तिकीला ते खरंच आहे. पण आषाढी वारीत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि इवलीशी सावली दक्षिणेला पडते. सावली तीच, पण वारी बदलली की दिशा उलटी.

दुसरा आधार चंद्राचा. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते. त्या रात्री चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि मग रोज साधारण दोन घटका उशिरा. घड्याळ नसलेली माणसं उठायची वेळ त्यावरून ठरवत. वद्य पक्षात पहाटेच्या चंद्राची उजळ बाजू पूर्वेकडं असते. अमावस्या उलटली की संध्याकाळच्या कोरीची उजळ बाजू पश्चिमेकडं. आभाळ मोकळं असेल तर उत्तरेला ध्रुव आहेच. आपल्या भागात तो फार वर नसतो. हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की जवळपास तेवढ्याच उंचीवर सापडतो.

आभाळ भरलं तर? तर गावातलं महादेवाचं देऊळ गाठायचं. शाळुंकेचं पाणी ज्या बाजूला वाहून जातं, ती बहुतेक ठिकाणी उत्तर. लांबून दिसणारी जेजुरीच्या गडासारखी खूणही उपयोगी पडते. वेळापूरजवळच्या उतारावरून तुकोबारायांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. आजही तिथं धावा होतो.

पण सगळ्यांत भरवशाचा आधार पाण्याचा, आणि तो मी अंगावर घेऊन शिकलो.

मी दहा-बारा वर्षांचा होतो. वाल्ह्याहून नीरेकडं निघालो, तेव्हा आजोबांच्या टाचेला फोड आला होता. आम्ही मागं पडलो आणि जवळची म्हणून शेतातली वाट धरली. आभाळ गच्च भरलं, पावसाची झड आली. सूर्य नाही, सावली नाही, विचारायला माणूस नाही. माउलींचं नीरास्नान चुकणार म्हणून मला रडू फुटलं. आजोबा म्हणाले, "रडतोस कशाला पोरा? पाणी कुठं चाललंय बघ."

बांधाच्या कडेनं ओघळ वाहत होता. त्याच्यामागं गेलो तर ओढा लागला. "आत उतरायचं नाही, काठानंच चालायचं," असं त्यांनी मला दोनदा बजावलं. किती चाललो ते आठवत नाही. पण ओढ्यानं आम्हाला नीरेच्या काठाला आणलं, आणि वाऱ्यावर टाळांचा आवाज आला. स्नान चुकलं नाही.

रात्री मुक्कामावर आजोबांनी मातीत बोटानं रेघा ओढून दाखवल्या. आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. दिवेघाटाच्या अलीकडचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं. पलीकडचं कऱ्हेला जातं, कऱ्हा नीरेला, आणि नीरा नरसिंगपूरला भीमेत मिसळते. तीच भीमा पंढरीत चंद्रभागा होते. "आपण चालतो त्या वाटेवरचं पाणीसुद्धा वारीलाच निघालंय," आजोबा म्हणाले.

आज दिंडीसोबत ट्रक आहे, टँकर आहे, पोरांच्या हातात मोबाइल आहे. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण लाखाच्या गर्दीत रेंज जाते, पावसात फोन भिजतो, आणि चुकलेल्या म्हाताऱ्या माउलीकडं फोन नसतोच. ही विद्या आजोबांनी वहीत लिहिली नव्हती. त्यांच्या पिढीबरोबर पुष्कळशी गेली, आमच्याबरोबर उरलेली जाईल. म्हणून एवढीच विनंती: यंदा प्रत्येक मुक्कामावर एका तरी लेकराला जवळ बसवा आणि विचारा, "बाळा, इथलं पाणी कुठं जातं?" उत्तर त्याला स्वतःच्या पायांनी शोधू द्या.

रामकृष्ण हरी!