सागाचा तांबेरा

पावसाळा सरला की सागाच्या पानामागे नारिंगी-पिवळी पूड दिसू लागते. बोट फिरवले तर हळदीसारखी लागते. हा सागाचा तांबेरा, गव्हावरच्या तांबेऱ्याचा दूरचा भाऊबंद. पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. वाऱ्यावर स्वार होऊन ते नव्या पानावर उतरतात आणि ओलावा मिळाला की रुजतात.

या बुरशीचे वर्णन राचिबोर्स्की या पोलिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1900 साली जावा बेटावरून केले. 1949 साली तिरुमलाचार यांनी तिला 'ऑलिव्हिया' या प्रजातीत बसवले. हेच तिरुमलाचार पुढे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये आले आणि 'हॅमायसिन' हे माणसाच्या बुरशीरोगांवरचे प्रतिजैविक त्यांनी शोधले!

आपल्या रानातला साग तांबेऱ्याने सहसा मरत नाही. रोग जोर धरतो तोवर पाने जून होऊन गळायला आलेली असतात. रोपवाटिकेतल्या कोवळ्या रोपांना मात्र तो जाचतो. झाड आणि बुरशी हे जुने शेजारी आहेत.

शेजार नवा असला तर काय होते, हे अमेरिकेने पाहिले. 1904 साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात चेस्टनटची झाडे वाळू लागली. आशियातून आलेल्या एका बुरशीने पुढच्या चार-पाच दशकांत कोट्यवधी झाडे संपवली. आशियातल्या चेस्टनटला तीच बुरशी फारशी बाधत नाही. सागाची कथा इतकी भीषण नाही. मध्य व दक्षिण अमेरिकेत साग नेऊन लावला गेला आणि कित्येक दशके तांबेऱ्याविना वाढला. 2000 नंतरच्या दशकात तांबेराही तिथे पोचला. झाडे मरत नाहीत, पण पाने अकाली गळून वाढ खुंटते.

आता वारज्याकडे येऊ. इथल्या सुमारे 40 एकर उजाड वनजमिनीवर 2015-16 पासून झाडे लावली गेली. 2020 साली केंद्राच्या नगरवन योजनेची घोषणा झाली, तेव्हा याच जंगलाचा दाखला दिला गेला. अशा वनांत रोप एकटे येत नाही, पिशवीतली माती घेऊन येते. त्या मातीत फ्युजेरियम, फायटोफ्थोरा यांसारखे मुळे कुजवणारे जीव असू शकतात. म्हणून शाळेच्या वृक्षारोपणात दहा-वीस रोपांमागे एकाची पिशवी फाडून मुळे पाहावीत, असे आम्ही सुचवतो. काळी, मऊ पडलेली मुळे दिसली तर ती खेप परत करावी. खड्डे वाया गेले तरी चालतील.

रोग कधी आला हे नंतर सांगता येते ते जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकरांच्या नावाचा कवकसंग्रह त्यासाठीच आहे. विद्यार्थ्यांनी तांबेऱ्याचे पान वर्तमानपत्रात दाबून वाळवावे आणि सोबत झाडाचे नाव, ठिकाण व तारीख लिहावी.