मुदतपूर्व करारभंग

मुदतपूर्व करारभंग : माल देण्याची किंवा पैसे चुकते करण्याची तारीख येण्याआधीच एका पक्षाने करार पाळायला साफ नकार देणे, किंवा तो पाळता येणार नाही अशी स्वतःची अवस्था करून घेणे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३९ मध्ये ही दोन्ही रूपे आहेत. मालविक्री अधिनियम, १९३० चे कलम ६० अशा वेळी दुसऱ्या पक्षापुढे दोन वाटा ठेवते : करार चालू मानून तारखेपर्यंत थांबणे, किंवा तो संपला असे धरून लगेच भरपाईचा दावा लावणे.

पुण्याच्या बुधवार पेठेत हा पेच मे महिन्यात नीट कळतो. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराने १ जूनला वह्या मिळण्याचा सौदा केला आणि २ मे रोजी कारखानदाराने ‘कागद महागला, या भावात माल देणार नाही’ असे कळवले, असे समजा. (‘भाव थोडा वाढवून द्या’ एवढी कुरकुर म्हणजे नकार नव्हे.) दुकानदाराने दुसरीकडून चढ्या भावाने वह्या उचलल्या, तर करार अधिनियमाच्या कलम ७३ खाली भावातला फरक मागता येतो; नुकसान टाळायचा उपाय हाती असून गप्प बसला, तर भरपाई कापली जाते. थांबण्यात आणखी एक जोखीम असते. करार दोघांसाठीही जिवंत राहतो, त्यामुळे मध्येच सरकारी बंदी आली तर नकार देणाराही सुटतो. ‘ॲव्हरी विरुद्ध बाउडन’ (१८५५) या खटल्यात जहाज ओडेसाला मालाची वाट पाहत राहिले, क्रिमियाचे युद्ध सुरू झाले आणि दावा बुडाला.

तत्त्वाचे मूळ ‘हॉखस्टर विरुद्ध डी ला टूर’ (१८५३) या इंग्लिश निकालात आहे. १ जून १८५२ पासून प्रवासात सोबत करायला नेमलेल्या माणसाला मे महिन्यातच नकार कळवला गेला. जूनपूर्वी लावलेला त्याचा दावा न्यायालयाने मान्य केला.

आंतरराष्ट्रीय मालविक्रीसाठीचा १९८० चा व्हिएन्ना करार (१ जानेवारी १९८८ पासून लागू) भारतीय कायद्याहून व्यवहारी वाटतो. समोरचा आपल्या जबाबदारीचा मोठा भाग पार पाडणार नाही असे दिसू लागले, तर अनुच्छेद ७१ नुसार आपली बाजू थांबवून त्याला तसे कळवता येते. त्याने पुरेशी हमी दिली तर पुढे चालावे लागते. मूलभूत भंग होणार हे स्पष्ट असल्यास अनुच्छेद ७२ खाली करारच मोडता येतो. भारतीय कायद्यात खरेदीदार दिवाळखोर झाल्यास विक्रेत्याला वाटेतला माल अडवता येतो; पण आगाऊ रक्कम देऊन धास्तावलेल्या खरेदीदाराला हमी मागण्याचा असा सर्वसाधारण हक्क नाही. ही उणीव खरी आहे. भारत त्या कराराचा पक्ष नाही. तरीही पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या आयातदाराने जर्मन कंपनीशी व्यवहार करताना जर्मन कायदा स्वीकारला आणि व्हिएन्ना करार वगळला नाही, तर तो सहसा लागू होतो.

भरपाईचा दावा अनेकदा भावाच्या पुराव्यावर अडतो. ‘मुरलीधर चिरंजीलाल’ खटल्यात माल कानपूरला रेल्वेत चढवून द्यायचा होता. खरेदीदाराने कानपूरचा नव्हे, कलकत्त्याचा भाव सिद्ध केला, आणि म्हणून सर्वोच्च न्यायालयात तो हरला.