जम्पर, किल्ली आणि मालकी

खडकीत राहणाऱ्या माणसाला पहाऱ्याची सवय असते. एकीकडे १८६९ सालचा दारूगोळा कारखाना, दुसरीकडे लष्कराच्या हद्दी आणि जागोजागी ‘परवानगीशिवाय प्रवेश नाही’च्या पाट्या. इथे एक गोष्ट न शिकवताच कळते: आतल्या कपाटाचं कुलूप फाटकाच्या भरवशावर असतं.

तुम्ही म्हणाल, सुट्टीच्या दिवशी हे काय? तर मंडळी, आजचा विषय आहे सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा जम्पर.

म्हणजे असं बघा. ऑफिसातला एक जुना सर्व्हर. सेटअपला पासवर्ड लावणारा ॲडमिन नोकरी बदलून केव्हाच बंगळुरूला गेलेला. बूटचा क्रम बदलायचाय तर मशीन पासवर्ड मागतंय. मग कोणीतरी जाणता म्हणतो, “अरे, जम्पर हलव ना!” पॉवरची केबल काढायची (नुसतं बटण दाबून भागत नाही, स्टँडबायचा करंट बोर्डावर असतोच), झाकण उघडायचं, दोन पिनांवरची ती नखाएवढी प्लॅस्टिकची टोपी उचलून शेजारच्या पिनांवर बसवायची. पासवर्ड गायब! नवख्या माणसाला लगेच प्रश्न पडतो: मग पासवर्ड लावायचाच कशाला?

उत्तरासाठी थोडं मागे जाऊ. १९८१च्या आयबीएम पीसीत पासवर्ड नव्हताच. मेमरी किती, फ्लॉपी किती, स्क्रीन कुठला, हे मदरबोर्डवरच्या आठ-आठ बारीक स्विचच्या दोन पट्ट्यांवर ठरायचं. बदल करायचा तर झाकण उघडा. १९८४च्या पीसी एटीत मोटोरोलाची घड्याळाची चिप आली. तिच्यात ६४ बाइट: १४ घड्याळाचे, उरलेले ५० इतर माहितीसाठी. वीज गेली तरी बॅटरीवर ही माहिती टिकायची. आता झाकण न उघडता सेटिंग बदलता येऊ लागलं. सोय झाली, पण समोर बसलेल्या कोणालाही ते बदलता येऊ लागलं! एटीला पुढच्या बाजूला चक्क धातूची किल्ली होती. ती फिरवली की कीबोर्ड बहिरा. १९८७च्या पीएस/२ मालिकेत मशीन चालू करतानाचा पासवर्ड आला.

किल्ली हरवली तर चावीवाला सापडतो. पासवर्ड विसरला तर? त्यासाठी वाट ठेवावी लागली आणि ती पुन्हा झाकणाखालीच: बॅटरी काढा, नाहीतर जम्पर हलवा.

सर्व्हरवाल्यांनी यात एक शहाणपणा केला. बऱ्याच सर्व्हर बोर्डांवर दोन वेगळे जम्पर असतात. एक सगळी सेटिंग पुसतो, दुसरा फक्त पासवर्ड. कारण सर्व्हरची सेटिंग पुन्हा बसवणं म्हणजे अर्ध्या दिवसाची निश्चिती. डेलच्या पॉवरएज सर्व्हरांच्या बऱ्याच मॉडेलांत तर जम्पर हलवून मशीन एकदा सुरू केल्याशिवाय जुना पासवर्ड जात नाही आणि जम्पर परत जागेवर आणल्याशिवाय नवा लावता येत नाही. म्हणजे मशीन दोनदा बंद, झाकण दोनदा उघडं. शिवाय झाकण उघडल्याची नोंद करणारा स्विच अनेक सर्व्हरांत असतो. जम्परची वाट आहे, पण ती चोरून वापरता येत नाही. गाजावाजा होतोच.

याच्या उलट उदाहरण अवॉर्ड बायोसचं. १९९०च्या दशकात त्यात कंपनीचाच एक ‘मास्टर’ पासवर्ड असायचा. तो सगळीकडे फुटला आणि कीबोर्डपर्यंत पोचलेला कोणीही आत जाऊ लागला. दोन्ही मागचीच दारं, पण एकाला हात घालावा लागतो आणि दुसऱ्याला नुसतं नाव कळलं की पुरतं.

‘मशीन कोणाचं’ हा प्रश्न आमच्या शेजारीही एकदा फार मोठा झाला होता. खडकी आणि गणेशखिंडीच्या मधल्या मैदानावर ५ नोव्हेंबर १८१७ला पेशवे आणि कंपनी सरकारची लढाई झाली. त्याच परिसरात, पुणे विद्यापीठाच्या आवारात, १९८८मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० उभा केला. तो १९९१मध्ये जाहीर झाला. पार्श्वभूमी सगळ्यांना ठाऊक आहे: अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर दिला तो हवामानाच्या कामापुरता आणि अटींसकट. मशीन दिल्लीत, पण त्यावर काय चालवायचं याच्या अटी वॉशिंग्टनच्या.

परममध्ये इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. ही चिप मोठी मजेशीर. तिला शेजारच्या चिपांशी बोलायला चार लिंक, आणि बूट कुठून करायचं हे ठरवणारी एक पिन. पिनेवर व्होल्टेज असेल तर ती स्वतःच्या रॉममधून सुरू होते. नसेल तर गप्प बसून लिंकवरच्या पहिल्या बाइटची वाट बघते. बाइट शून्य असेल तर मेमरीत लिही, एक असेल तर वाचून दाखव, त्याहून मोठा असेल तर तेवढ्या बाइटचा प्रोग्राम घे आणि चालव. ना युजर, ना पासवर्ड! वायर ज्याच्या हातात, त्याचा शब्द प्रमाण.

हा निष्काळजीपणा नव्हे. सुरक्षा खोलीच्या दाराशी सोपवलेली होती, इतकंच. सर्व्हरचा जम्परही तेच सांगतो: जो झाकण उघडू शकतो, तो मालक.

आता हे बदलत चाललंय. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर जम्पर मशीन उघडेल, डेटा नाही. बऱ्याच लॅपटॉपांत पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, जम्पर नाहीच. विसरलात तर बिल घेऊन कंपनीच्या दारात उभं राहा. चोराची पंचाईत झाली हे उत्तमच. पण त्याबरोबर शेवटचा शब्दही मालकाकडून कंपनीकडे गेला, आणि अशा अटी काय असतात ते आपण क्रेच्या वेळी बघितलंय.

तेव्हा सर्व्हर रूमला चांगलं कुलूप लावा, पासवर्ड लिफाफ्यात बंद करून तिजोरीत ठेवा, आणि पुढचं मशीन घेताना मॅन्युअलमध्ये जम्परचं पान आहे का, ते आधी बघा.