गेटवेची बारनिशी दूरच्या सर्व्हरवर

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात शाळा उघडण्याच्या दिवसांत पुस्तकांच्या दुकानांपुढे पालकांची गर्दी असते. वह्यांचा गठ्ठा बांधून होईपर्यंत मोबाइलवरून पैसे चुकते झालेले असतात आणि दुकानातला छोटा स्पीकर रक्कम उच्चारून मोकळा होतो. या काही सेकंदांत एक निरोप ग्राहकाचे अ‍ॅप, दोन बँका आणि यूपीआय चालवणारे मुंबईचे राष्ट्रीय देयक महामंडळ अशा अनेकांच्या संगणकांतून फिरून येतो. एका संस्थेची प्रणाली दुसरीशी ज्या ठरीव रीतीने बोलते, तिला एपीआय म्हणतात. असे निरोप ज्या एकाच दारातून आत घ्यावयाचे, ते दार म्हणजे एपीआय गेटवे.

हे दार नुसते उघडझाप करीत नाही. कोण आले, ओळख पटली काय, मर्यादेपेक्षा अधिक विनंत्या येत आहेत काय, हे तपासूनच ते निरोप पुढे धाडते आणि प्रत्येकाची एक ओळ लिहून ठेवते. आलेला पत्ता, वेळ, विनंतीचा क्रमांक, मागितलेली सेवा, उत्तराचा संकेतांक आणि लागलेला वेळ त्या ओळीत असतो. सरकारी कार्यालयात ज्यांनी अर्ज दिले आहेत, त्यांना आवक-जावक बारनिशी ठाऊक असते. लॉग म्हणजे गेटवेची बारनिशीच. अर्ज हरवला तर पहिला प्रश्न तिथेच विचारला जातो.

आता ही बारनिशी गेटवेच्याच संगणकावर राहिली तर? डिस्क भरली, यंत्र बंद पडले किंवा क्लाउडवरील यंत्र आपोआप बदलले गेले, की नोंदीही गेल्या. त्याहून वाईट म्हणजे घुसखोर यंत्राचा ताबा घेताच आधी आपल्या पाऊलखुणा पुसतो. म्हणून ओळ लिहिली जाताच तिची प्रत दुसऱ्या, स्वतंत्र अधिकारांच्या सर्व्हरवर पाठवण्याची प्रथा पडली. गेटवेला तिथे फक्त भर घालता यावी, खोडता येऊ नये, ही त्यातली मुख्य अट होय.

ही कल्पना जुनी आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणक-वापराच्या हिशेबात अवघ्या ७५ सेंटची तफावत दिसली. घुसखोराला सुगावा लागू नये म्हणून त्याने बाहेरून येणाऱ्या तारांनाच छपाईयंत्रे जोडली. संगणकातले पुसता येते, कागदावरचे नाही! तो माग शेवटी जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोहोचला.

महाराष्ट्राला या विषयाची दाहक ओळख झाली ती ऑगस्ट २०१८ मध्ये. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ व १३ ऑगस्ट या दोन दिवशी सुमारे ९४ कोटी ४२ लाख रुपये लांबवले गेले. त्यांतील सुमारे ७८ कोटी २८ देशांतून काढले गेले, तर १३ कोटी ९२ लाख स्विफ्टमार्गे हाँगकाँगला वळवण्यात आले. कार्डांच्या व्यवहारांना मंजुरी देणारे एक बनावट स्विच उभे करण्यात आले होते. विनंत्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत न जाताच होकार मिळवीत होत्या. यातला बोध मात्र जपून घ्यावा लागतो. बनावट दारातून गेलेल्याची नोंद खऱ्या दाराच्या बारनिशीत येणारच नाही. नोंदी दूर पाठवल्या म्हणून काम संपत नाही. एका टोकाच्या नोंदी दुसऱ्या टोकाशी सतत ताडून पाहाव्या लागतात. दोन्हीकडच्या नोंदी एकाच तिसऱ्या ठिकाणी असल्या, तर हे काम मिनिटांत होऊ शकते.

कायद्यानेही हात घातला आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावयाचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावयाची असते.

पाठवण्याची सर्वांत रुळलेली रीत म्हणजे सिसलॉग. एरिक ऑलमन यांनी ती १९८० च्या दशकात घडवली. यूडीपीने पाठवलेली ओळ साध्या टपालासारखी असते. पोहोचली तर पोहोचली, पोच मिळत नाही. टीसीपी भरवशाचा, आणि त्यावर टीएलएसचे कुलूप घातले की वाटेत कोणी वाचू शकत नाही. पैशाच्या व्यवहारांना हाच मार्ग योग्य. मात्र दूरचा सर्व्हर थांबला म्हणून गेटवेने ग्राहकाला ताटकळत ठेवू नये. ओळी स्थानिक रांगेत साठवून संपर्क येताच पुढे धाडाव्यात, आणि रांग भरली तर इशारा वाजावा. ओटीपी, कार्डाचा पूर्ण क्रमांक, प्रवेशाची गुप्त किल्ली या गोष्टी पाठवण्यापूर्वीच झाकाव्यात. नाहीतर चोराला एकाच कोठारात सारे सापडायचे.

राहता राहिले घड्याळ. बहुतेक सर्व्हर जागतिक वेळ लिहितात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. एका यंत्राने एक आणि दुसऱ्याने दुसरी वेळ लिहिली, तर पैसे वळते होण्याआधीच पावती फुटल्याचे दिसते. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत सर्व घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र वा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्यास सांगितले आहे.