फेनिल प्लॅस्टिक आणि त्यातील वायू

फेनिल प्लॅस्टिकचा इतिहास बहुधा बहुवारिकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. १९३७ साली लेव्हरकूझेन येथे ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावलेला पॉलियुरेथेनचा शोध हा त्याचा रूढ आरंभ होय. तथापि उष्णतारोधक ताठ फेनाच्या आकारमानाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग वायूने व्यापलेला असतो. तो वायू कसा निवडला गेला हे पाहिल्यावाचून या पदार्थाच्या यशाचा उलगडा होत नाही, आणि त्यातून उद्भवलेल्या संकटाचाही नाही.

पॉलियुरेथेनचा प्रारंभीचा फेनकारक म्हणजे साधे पाणी. आयसोसायनेटशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निर्माण होई व घट्ट होत चाललेल्या द्रवात बुडबुडे धरत. गाद्यागिरद्यांना एवढे पुरे होते. शीतकपाटाच्या भिंतींना नव्हे. कारण हा वायू बुडबुड्यांच्या भित्तींतून निसटतो व त्याची जागा हवा घेते. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सीएफसी-११ ने ही उणीव भरून काढली. सुमारे २४ अंश सेल्सियसला उकळणारे हे द्रव्य क्रियेच्या उष्णतेनेच वायुरूप होई. ते पेट घेत नसे, आणि त्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे एक-तृतीयांश होती.

ज्या रासायनिक स्थिरतेमुळे ते निर्धोक वाटले, तीच अनर्थाचे मूळ ठरली. खालच्या वातावरणात अभंग राहून हे रेणू स्थितांबरात पोचतात व तेथे सुटणारा क्लोरीन ओझोनचा नाश करतो, असे मोलिना व रोलंड यांनी १९७४ साली प्रतिपादिले. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास प्रसिद्ध झाला आणि १९८७ साली माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. मधल्या काळात वापरात आलेले एचसीएफसी-१४१बी हेही सौम्य प्रमाणात ओझोननाशकच होते. पेंटेनवर्गीय द्रव्ये ओझोनास निरुपद्रवी, परंतु ज्वालाग्राही.

तरीही प्रकरण मिटले नाही. २०१२ नंतर सीएफसी-११ चे उत्सर्जन वाढल्याचे २०१८ साली उघड झाले. त्या वाढीचा मोठा भाग पूर्व चीनमधून आल्याचे पुढील वर्षी दाखविण्यात आले. त्यानंतर ते पुन्हा घटले. परंतु जुन्या इमारतींच्या भिंतींत व शीतकपाटांत कोंडलेला वायू अद्याप शिल्लक आहे. उत्पादन थांबविणे कराराच्या कक्षेत होते. ती भिंत पाडताना त्या वायूचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र पुढील पिढ्यांकडे आला आहे.